ओसाड म्हणजे नेमकं काय संपलंय?

पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणारे काही जण आपले आराखडे माझ्याकडे वाचायला पाठवतात. त्यात एक विषय दरवर्षी हमखास असतो : ओसाड जमिनीवर लोकसहभागातून उभं राहिलेलं जंगल. सुरुवात साधारण अशी असते. 'अमुक गावची जमीन पूर्वी ओसाड होती. गावकऱ्यांनी श्रमदानातून झाडं लावली आणि आज तिथे हिरवाई आहे.' वाक्यं चांगली आहेत, बातमीला पुरेशी आहेत. संशोधनाचा गाडा मात्र पहिल्याच वाक्यातल्या एका शब्दापाशी अडतो. तो शब्द म्हणजे 'ओसाड'.

झाडं नाहीत म्हणजे ओसाड, असं आपण गृहीत धरतो. पण झाडं नसण्याची कारणं वेगवेगळी असतात. कुठे मातीच वाहून गेलेली असते. कुठे माती आहे, जमिनीखाली मुळंही जिवंत आहेत, पण वर आलेला प्रत्येक कोंब कुऱ्हाडीने नाहीतर शेळीने खाल्लाय. कुठे गावाचा त्या जमिनीवरचा ताबा आणि धाक संपलेला असतो. आणि काही ठिकाणी काहीच संपलेलं नसतं, ती जमीन मुळात तशीच असते. या चार अवस्थांवरचे उपाय वेगळे आहेत. म्हणून आराखडा लिहिण्याआधी 'किती झाडं लावली' हा प्रश्न बाजूला ठेवून 'इथे नेमकं काय संपलं होतं' हे विचारायला हवं. मला स्वतःला या एका प्रश्नाने जितकं काम दिलंय तितकं कुठल्याच सिद्धांताने दिलेलं नाही.

माती संपते म्हणजे काय, हे बघायला तमिळनाडूत जावं लागेल. पुदुच्चेरीच्या उत्तरेला समुद्रालगत एक लाल मातीचं पठार आहे. २८ फेब्रुवारी १९६८ रोजी तिथे ऑरोविलची स्थापना झाली. त्या काळातले फोटो पाहिलेत तर विश्वास बसत नाही. तांबडी उघडी जमीन, पावसाने कोरलेल्या खोल घळी, मधूनच एखादा वड. पावसाळ्यात वरचा थर पाण्याबरोबर थेट बंगालच्या उपसागरात जायचा. अशा जमिनीत रोप लावून उपयोग नसतो, कारण त्याला धरून ठेवायला आणि पाजायला खाली काही उरलेलंच नसतं. म्हणून तिथे आधी बांध घातले गेले. उतारावरचं पाणी अडवायचं, ते जिरू द्यायचं, वाहणारी माती जागच्या जागी थांबवायची. झाडं त्याच्या जोडीने आली आणि सुरुवातीला आली तीही सगळी तिथली नव्हती. ऑस्ट्रेलियन बाभूळ मोठ्या प्रमाणावर लावली गेली. आज पर्यावरणाचा विद्यार्थी हे नाव ऐकून नाक मुरडेल. पण ही बाभूळ निकृष्ट जमिनीत झपाट्याने वाढते, हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींमार्फत मातीत आणते आणि भरपूर पालापाचोळा पाडते. तिच्या सावलीत माती पुन्हा माती व्हायला लागली. मग त्या भागातलं मूळचं जंगल आणण्याचा प्रयत्न सुरू झाला. कोरोमंडल किनाऱ्यावर शुष्क सदाहरित जंगलाचा एक प्रकार आहे. तो जवळपास नाहीसा झालाय, देवळांभोवतीच्या राखलेल्या वनांत तेवढा तुकड्यातुकड्यांनी शिल्लक आहे. आपल्याकडच्या देवराया डोळ्यांपुढे आणा. त्या तुकड्यांतून बिया गोळा करून रोपं तयार केली गेली. म्हणजे ज्यांनी कधी 'वनीकरण' हा शब्दही ऐकला नसेल अशा माणसांच्या देवभोळेपणामुळे बियाणं टिकलं होतं.

ऑरोविलच्याच परिसरात २००३ साली साधना फॉरेस्ट नावाचा प्रकल्प सुरू झाला, सुमारे ७० एकर जमिनीवर. तिथे जगभरातले स्वयंसेवक येऊन राहतात. एकत्र स्वयंपाक, कोरडी शौचालयं, सौरऊर्जा आणि सकाळी हातात फावडं. तुमच्यापैकी कुणाचा विषय 'सामूहिक जीवन आणि पुनर्वनीकरण' असा जोडविषय असेल तर हे ठिकाण मोहात पाडतं. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथे राहायला येणारा माणूस ते जगणं निवडून आलेला असतो, कंटाळला तर परत जाऊ शकतो. त्याचं पोट त्या जमिनीवर अवलंबून नसतं. ज्याच्या चुलीला लागणारं सरपण आणि जनावरांचा चारा त्याच माळावरून येतो, त्याचा 'लोकसहभाग' ही फार वेगळी गोष्ट आहे. दोन्हींना एकच शब्द वापरला की पुढचं सगळं विश्लेषण घसरतं.

जाता जाता याच ठिकाणचा एक कायदेशीर पेच सांगते, कारण व्याख्येवर काय काय टांगलेलं असतं ते त्यातून कळतं. डिसेंबर २०२१ मध्ये ऑरोविलच्या मूळ नगर आराखड्यातल्या वर्तुळाकार रस्त्यासाठी तिथल्या वाढलेल्या झाडीत जेसीबी घुसले. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली गोदावर्मन खटल्यात 'वन' या शब्दाचा अर्थ शब्दकोशाप्रमाणे व्यापक घ्यायला सांगितला होता, त्यामुळे प्रश्न आला : माणसांनी पन्नास वर्षं खपून लावलेली झाडी म्हणजे वन का? लवादाने तिला वन मानलं नाही, तरी आधी पर्यावरण मंजुरी घ्या असं सांगून कामावर बंधनं घातली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा तो आदेशही रद्द केला. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, आराखड्यात 'जंगल' हा शब्द लिहिताना तो कुणाच्या अर्थाने लिहिताय हे एकदा ठरवून घ्या. पक्ष्याचा अर्थ, महसूल खात्याचा अर्थ आणि उपग्रहाचा अर्थ एक नसतो.

आता दुसरी अवस्था, मुळं जिवंत असण्याची. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचा कोकणा आदिवासींचा पाडा आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला भोवतीचं जंगल तुटून गेलं होतं, पाण्यासाठी वणवण होती. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी तिथे केलं ते वरवर बघता फारच साधं होतं. तोड थांबवली, राखण बसवली, नियम मोडणाऱ्याला दंड ठेवला. सागासारख्या झाडांचे खुंट जमिनीत जिवंत असतात. वरून ओरबाडणं थांबलं की त्यांना धुमारे फुटतात आणि मुळं आधीच खोल गेलेली असल्यामुळे ते नव्या रोपापेक्षा कितीतरी वेगाने वाढतात. आज तिथे साडेचारशे हेक्टरच्या आसपास जंगल राखलेलं आहे. चैत्रामभाऊंना २०२५ साली पद्मश्री मिळाली. गावात रानभाज्यांची स्पर्धा भरते, तिला लांबून माणसं येतात. इथे जर कुणी खड्डे खणून, रोपं आणून, लावून 'कार्यक्रम' केला असता तर पैसा खर्च झाला असता आणि बहुधा त्या खड्ड्यांपायी चांगले खुंटच उखडले गेले असते.

आणि हिवरे बाजार. नगर जिल्ह्यातलं, पर्जन्यछायेतलं, दुष्काळाने पोळलेलं गाव. यावर इतकं लिहून झालंय की नवीन काय सांगायचं असं वाटेल. पण आराखड्यांत हिवरे बाजार येतं तेव्हा ते नेहमी 'लाखो झाडं लावणारं गाव' म्हणून येतं आणि मला वाटतं तिथेच चूक होते. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गाव आदर्श गाव योजनेत आलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान अशी पंचसूत्री आली. (पोपटराव आणि चैत्रामभाऊ दोघंही एम.कॉम. आहेत. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं.) डोंगरउतारावर समतल चर खणले गेले, बांधबंदिस्ती झाली, झाडंही लागली. हे सगळं महाराष्ट्रात शेकडो गावांत झालंय. पाणलोटाचे पैसे आले, चर खणले गेले, फोटो निघाले. पाच वर्षांनी चर गाळाने भरले आणि विहिरीत साठलेलं पाणी चार बागायतदारांच्या मोटारींनी उपसलं. हिवरे बाजार तिथे वेगळं पडतं. सिंचनासाठी बोअरवेल घ्यायची नाही. ऊस, केळी यांसारखी पाणीखाऊ पिकं घ्यायची नाहीत. दरवर्षी पाऊस किती झाला आणि विहिरींची पातळी किती आहे हे मोजून, आधी पिण्याचं पाणी, मग जनावरांचं, मग उरलं त्यात रब्बीला काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. चराई बंद, पण गवत कापून न्यायला परवानगी. म्हणजे जनावर माळावर जाणार नाही, माळ कापून जनावरापर्यंत येईल.

माझ्या वाचनानुसार तिथे संपलेली आणि पुन्हा उभी केलेली गोष्ट म्हणजे नियम. झाडं हा त्याचा दिसणारा परिणाम. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं 'गव्हर्निंग द कॉमन्स' हे १९९०चं पुस्तक तुम्ही वाचणारच आहात, न वाचता या विषयाला हात घालू नका. सामायिक संसाधन सरकारी मालकीशिवाय आणि खाजगीकरणाशिवायही टिकू शकतं, त्यासाठी हद्द स्पष्ट लागते, नियम स्थानिक लागतात, देखरेख लागते, मोडणाऱ्याला चढत्या क्रमाने शिक्षा लागते, असं त्या जगभरच्या उदाहरणांवरून दाखवतात. हिवरे बाजारला ही यादी लावून बघा, बरंचसं जुळतं. पण यादी जुळली म्हणजे प्रकरण संपलं असं नाही. चराईबंदीची किंमत कुणी मोजली, हा प्रश्न त्या यादीतून आपोआप उगवत नाही.

तो मला माझ्या क्षेत्रभेटीत एका आजीने शिकवला. गावाचं नाव देत नाही. सात-आठ शेळ्या हे तिचं सगळं भांडवल, जमीन नाही. गावात चराईबंदी झाली, ठराव एकमताने झाला असं ग्रामपंचायतीच्या वहीत आहे. मी विचारलं, आजी, तुम्ही सभेला होतात का? ती म्हणाली, "व्हते की. हात बी वर केला. सगळ्यांनी केला तर म्या काय खाली ठिवू?" शेळ्या त्या वर्षी विकल्या. ज्याच्याकडे दोन संकरित गाई आणि बांधावर चारा आहे त्याला 'कापून न्या' हा नियम सोयीचा असतो. ज्याच्याकडे शेळ्या आहेत आणि गवत कापायला वेळ नाही, कारण दिवसभर दुसऱ्याच्या शेतात मजुरी आहे, त्याला तो नियम म्हणजे व्यवसाय बंद. वहीतलं 'एकमत' खोटं नव्हतं. ते फक्त अपुरं होतं. त्यामुळे तुम्ही मुलाखती घ्याल तेव्हा सरपंच, ग्रामसेवक, बचतगटाच्या अध्यक्षा एवढ्यावर थांबू नका. ज्यांच्याकडे बंदीपूर्वी शेळ्या होत्या आणि आता नाहीत, अशी घरं शोधा. पावसाळा संपल्यावर त्या माळावरून वाडे घेऊन जाणारे धनगर बांधव कुठून वाट बदलून जायला लागले, हेही विचारा. ते त्या गावचे रहिवासी नसतात म्हणून कुठल्याच सर्वेक्षणात येत नाहीत.

आता चौथी अवस्था. इथे माझं मत जरा जोरकस आहे, आधीच सांगून ठेवते. आपल्या पश्चिम महाराष्ट्रातले आणि मराठवाड्यातले कितीतरी माळ हे तुटलेलं जंगल नाही. ते गवताळ माळ आहेत, फार जुने. पवन्या, कुसळी, मारवेल अशी गवतं, मधूनच हिवर, बोर, खैर. माळढोक, तणमोर, काळवीट, लांडगा हे तिथले प्राणी-पक्षी, दाट झाडीत त्यांचा टिकाव लागत नाही. इंग्रजांच्या महसूल व्यवस्थेत जी जमीन सारा देत नाही ती 'वेस्ट', आणि तोच चष्मा आपण पुढे चालवला. मराठीत मात्र पडीक, माळ, बरड, गायरान, सातबाऱ्यावरचा पोटखराबा हे सगळे निरनिराळे शब्द आहेत. ते बोलणाऱ्या माणसाला त्यातला फरक कळत होता. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी जुन्या मराठी वाङ्मयातले आणि लोकपरंपरेतले वनस्पतींचे उल्लेख वेचले आणि पश्चिम महाराष्ट्रातले माळ निदान काही शतकं तरी असेच विरळ झाडांचे, काटेरी, गवताळ असल्याचं दाखवलं. मराठी वाचता येणं हे पर्यावरणशास्त्रातलं साधन ठरू शकतं, हे त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं. तुमच्यापैकी अनेकांकडे ते साधन फुकटात आहे. गावांची नावंच बघा ना. हिवरे हे नाव हिवरावरूनच आलं असावं, आणि हिवर हे काही घनदाट जंगलाचं झाड नव्हे.

हा वाद आपल्यापुरता नाही. २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये एक शोधनिबंध आला, की जगात आणखी सुमारे ९० कोटी हेक्टरवर झाडांचं आच्छादन वाढवायला जागा आहे. त्याचा गाजावाजा खूप झाला. लगेचच अनेक शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला, की या 'जागे'त तुम्ही गवताळ प्रदेशही धरलेत. तेव्हा आपल्याकडच्या माळावर गिरिपुष्पाच्या रांगा बघितल्या, की ती यशोगाथा आहे असं मानण्याआधी तिथे आधी काय होतं ते तपासा. जुने गॅझेटिअर, सर्वे ऑफ इंडियाचे जुने नकाशे आणि गावातली म्हातारी माणसं, तिन्हीकडे विचारा. तिघांची उत्तरं जुळली नाहीत तर घाबरू नका, प्रबंधाचं एक प्रकरण मिळालं.

मोजमापाबद्दल दोन शब्द, कारण तिथे बहुतेक आराखडे लंगडे पडतात. आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो ही तुलना पुरेशी नाही. आधीचा मे महिन्यातला आणि नंतरचा सप्टेंबरमधला असेल तर कुठलाही माळ हिरवा दिसतो. उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेला हिरवेपणाचा निर्देशांकही फसवतो. कांदा हिरवा, घाणेरी हिरवी, वेडी बाभूळ तर बारमाही हिरवी. आणि समजा झाडी खरंच वाढली, तरी ती त्या कार्यक्रमामुळे वाढली की त्या दशकात पाऊस बरा झाला म्हणून, की लोक शहरात गेले आणि सरपणाऐवजी गॅस आला म्हणून? यासाठी तसंच, पण कार्यक्रम न झालेलं गाव शेजारी ठेवावं लागतं. हिमाचलमधल्या कांगडा जिल्ह्यात अनेक दशकांच्या सरकारी वृक्षलागवडीचा असा काटेकोर अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी'त आला. निष्कर्ष असा, की इतकी वर्षं लागवड करून दाट आच्छादनात म्हणावी अशी वाढ झाली नाही, आणि लोकांना उपयोगी असलेल्या रुंदपानी झाडांचं प्रमाण उलट घटलं. लागवडीचे आकडे मात्र दरवर्षी अहवालात नीट भरले गेले होते.

तुलनेसाठी गाव निवडताना आणखी एक अडचण येते. आपण सगळे यशस्वी गावांकडेच जातो. तिथे पाहुण्यांसाठी खोली असते, माहिती देणारा माणूस तयार असतो, त्याची उत्तरंही घासून गुळगुळीत झालेली असतात. मला आता कुणीतरी अशा गावांचा अभ्यास करावा असं वाटतं जिथे कुऱ्हाडबंदी झाली, दहा वर्षं टिकली आणि मग मोडली. मोडायला पहिलं निमित्त काय झालं? दंड घेणारा आणि दंड भरणारा एकाच भावकीतले निघाले का, निवडणूक आडवी आली का, की जमिनीचा भाव वाढला? अशी गावं कुठल्याही पुरस्काराच्या यादीत सापडणार नाहीत. तालुक्याच्या वन कार्यालयातल्या जुन्या समित्यांच्या नोंदी चाळल्या तर नावं मिळतील. जायचं तर एप्रिल-मेमध्ये जा. गवत वाळलेलं असतं, विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि शेतीचं काम कमी असल्यामुळे लोकांना बोलायला वेळ असतो. उन्हाचं मात्र बघा, डोक्याला काहीतरी बांधा.